दोष कुणाचा, सजा कुणाला?

कॅन्सरच्या रोग्याला भेटायला गेलेला माणूस बहुधा दोन गोष्टी विचारतो. पहिली, "कुठे झाला?" आणि दुसरी, "तंबाखू खात होता का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर "घशात" असे आले आणि दुसऱ्याचे "हो" असे आले, की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे समाधान पसरते. हे समाधान दुष्टपणाचे नसते. जगाचा हिशेब बरोबर चालला आहे, ज्याने केले त्याने भरले, आपण केले नाही म्हणून आपल्यावर ही पाळी येणार नाही, असा तो दिलासा असतो. मराठीतले "करावे तसे भरावे" आणि आमच्या घरांतले "जैसी करनी वैसी भरनी" ही दोन्ही वाक्ये त्या क्षणी ओठांवर येतात.

या लेखात आम्हाला ह्याच दिलाशाची तपासणी करायची आहे. प्रश्न साधा आहे. ज्याने आपला आजार आपल्याच हाताने ओढवून घेतला असे आपण म्हणतो, त्याचा इलाजावरचा हक्क त्यामुळे कमी होतो काय? आणि त्याच्या वाट्याला जी सजा येते ती खरोखर त्याच्या दोषाचीच असते काय?

आम्ही डॉक्टर नाही, मौलवीही नाही. उर्दू शाळेत शिकवणारी माणसे आहोत. पण मालेगावसारख्या गावात मास्तर केवळ वर्गात मास्तर नसतो. मोहल्ल्याचे अर्ज त्याने लिहायचे असतात, दवाखान्याचे कागद त्याने वाचून दाखवायचे असतात, "सर, इसमें क्या लिखा है?" ह्या प्रश्नाला उत्तर द्यायचे असते. त्या कागदांनीच आम्हाला हा विचार करायला भाग पाडले आहे.

प्रथम आजाराविषयी थोडे. घशाचा कॅन्सर हा बोलण्यात एक शब्द असला तरी आत जागा वेगवेगळ्या आहेत. स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंवर तो झाला तर पहिल्याच दिवसांत आवाज बसतो. म्हणजे हा आजार स्वतःच दारावर थाप मारून येतो. अशा वेळी नाक-कान-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीने पाहिले, तुकडा काढून तपासला आणि किरणोपचार किंवा लेझरने इलाज केला, तर दहापैकी नऊच्या आसपास रोगी बरे होतात आणि बहुतेकांचा आवाजही राहतो. म्हणूनच डॉक्टर सांगतात की तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला तर घसा आतून पाहून घ्या. स्वरतंतूंच्या वर किंवा खाली, अन्ननलिकेच्या तोंडाशी गाठ झाली तर मात्र लक्षणे उशिरा दिसतात. गिळताना दुखते, कानात कळ येते, मानेला गाठ येते.

आता ही थाप आमच्या गावात ऐकू कशी येणार? पावरलूमच्या कारखान्यात बारा बारा तास काम करणारा माणूस लूमच्या आवाजावर आवाज चढवून बोलतो. त्याचा घसा कायमच बसलेला. ज्या गावात हजारो माणसे घोगऱ्या आवाजात बोलतात, तिथे घोगरा आवाज हे लक्षण राहत नाही. आमच्या पेशातही साठ-सत्तर मुलांच्या वर्गात ओरडून घसा बसणे रोजचेच. "मौसम का है" म्हणून गरम पाणी, मिठाच्या गुळण्या, मुलेठी, मग मेडिकलवाल्याकडून पाच गोळ्या. तीन आठवड्यांचे तीन महिने होतात. त्यात "तुकडा काढला, हवा लागली की पसरतो" ही समजूत घरोघरी आहे. ती खोटी आहे, पण तिच्यामुळे आणखी दोन महिने जातात.

समजा, आमच्याच गावात दोन माणसे आहेत. दोघांचे वय पन्नास. दोघेही वीस वर्षे बिडी ओढत आले आणि तंबाखू खात आले. एक कारखान्याचा मालक, दुसरा त्याच कारखान्यातला कामगार. दोघांचाही घसा एकाच महिन्यात बसतो. मालकाचा जावई नाशिकला असतो. तो म्हणतो, "अब्बा, एकदा दाखवून येऊ." आठ दिवसांत दुर्बीण होते, पंधरा दिवसांत निदान होते, दोन महिन्यांत इलाज पुरा होतो. मालक पुन्हा आपल्या गादीवर बसून नोकरांना हाका मारू लागतो. कामगाराला रोजी मीटरवर मिळते. जितके कापड उतरले तितके पैसे. नाशिकला एक दिवस जाणे म्हणजे दिवसाची मजुरी, गाडीभाडे, डॉक्टरची फी आणि परत आल्यावर आपल्या लूमवर दुसरा कुणी उभा असण्याची भीती. तो जुम्म्याच्या सुट्टीची वाट पाहतो. जुम्म्याला गावातल्या जवळच्या दवाखान्यात जातो, औषध आणतो, पुढच्या जुम्म्याची वाट पाहतो. सहा महिन्यांनी श्वास घेताना शिट्टी वाजू लागते तेव्हा त्याला उचलून नेतात. तोवर स्वरयंत्र काढण्यावाचून मार्ग उरलेला नसतो.

तंबाखू दोघांनी सारखीच खाल्ली. दोष असेल तर दोघांचा सारखाच. मग एकाचा आवाज राहिला आणि एकाचा गेला, हा फरक कशाचा? तंबाखूचा तर नक्कीच नाही, कारण ती दोन्ही पारड्यांत समान आहे. दोन्ही बाजूंनी समान असलेली रक्कम वजा करावी, हे आम्ही सातवीच्या मुलांना समीकरणात शिकवतो. तंबाखू वजा केल्यावर जे उरते त्यात रोजी आहे, अंतर आहे, जावई आहे, कागद आहे, अक्षरओळख आहे. म्हणजे कामगाराने जी जादा सजा भोगली ती व्यसनाची नव्हती, गरिबीची होती. आपण तिला व्यसनाच्या खात्यावर लिहिले, कारण ते सोपे होते.

हे समजायला इतिहासातले एक उदाहरण उपयोगी पडेल. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक ह्याचा आवाज १८८७ च्या आरंभी बसला. युरोपातले सर्वांत मोठे डॉक्टर त्याच्या दिमतीला होते. जर्मन डॉक्टरांना कॅन्सरचा संशय आला, इंग्लंडहून आलेल्या मॅकेन्झी ह्यांना तो पटला नाही. घशातून काढलेला तुकडा तपासण्यासाठी रुडॉल्फ फिरकॉव्ह ह्या थोर शास्त्रज्ञाकडे गेला आणि त्यांना त्यात कॅन्सर आढळला नाही. नोव्हेंबरमध्ये निदान पक्के झाले तेव्हा उशीर झाला होता. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले, मार्चमध्ये तो बादशहा झाला आणि ९९ दिवस राज्य करून १५ जून १८८८ रोजी वारला. अखेरच्या महिन्यांत तो चिठ्ठ्या लिहून हुकूम देत असे.

त्या काळी बादशहा आणि विणकर ह्या आजारापुढे जवळजवळ सारखेच लाचार होते, कारण इलाजच कच्चा होता. व्हिएन्नात बिलरोथ ह्यांनी कॅन्सरसाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली ती १८७३ च्या अखेरीस, आणि पुढेही अशा शस्त्रक्रियांत रोगी दगावत. आज इलाज आहे. म्हणूनच आज कुणी त्यावाचून राहिला तर त्याला निसर्गाची मर्जी म्हणता येणार नाही. विद्या जितकी पुढे जाते तितका आपला माफीचा आधार कमी होतो. गंमत अशी की ज्या फिरकॉव्हना युवराजाच्या घशातला कॅन्सर दिसला नाही, त्यांनीच चाळीस वर्षांपूर्वी, १८४८ मध्ये, सायलेशिया प्रांतातल्या टायफसच्या साथीची चौकशी करून सांगितले होते की ह्या रोगाचे मूळ भूक, अज्ञान आणि सरकारची बेपर्वाई ह्यांत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसत नाही तेही रोगाचे कारण असू शकते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आता कुणी म्हणेल, "सर, हे सगळे ठीक. पण तंबाखू कुणी जबरदस्तीने तोंडात घातली होती का?" प्रश्न रास्त आहे, टाळून चालणार नाही.

रात्रपाळीच्या कामगाराला तंबाखू का लागते ते पाहू. पहाटे तीनला डोळा लागला तर तागा बिघडतो आणि पैसे कापले जातात. तंबाखू झोप मारते, भूकही मारते आणि चहाहून स्वस्त पडते. पंधराव्या वर्षी कारखान्यात आलेल्या पोराला ती शेजारच्या लूमवरचा उस्ताद देतो, प्रेमाने देतो. भारतात २०१६-१७ च्या पाहणीत पंधरा वर्षांवरील २८.६ टक्के माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळली. इतक्या कोटी माणसांनी वेगवेगळे बसून, विचार करून, एकच चूक निवडली असे म्हणणे म्हणजे बाजाराला निर्दोष सोडणे होय. गुटख्याची पुडी एखाद-दोन रुपयांची करून शाळेच्या फाटकापर्यंत कुणी आणली? महाराष्ट्र सरकारने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, कारखानदार न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. पुन्हा बंदी आली ती २०१२ मध्ये, अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याच्या आधाराने. मधल्या आठ वर्षांत जी पोरे दहा वर्षांची होती ती आज विशी-तिशीत आहेत. त्यांच्या तोंडात ती पुडी गेली तेव्हा ती कायदेशीर माल होती आणि तिच्यावर सरकार कर घेत होते. बंदीनंतरही ती कुठे मिळते, हे कुणाला सांगायला नको.

बिडीचे तर आणखी अवघड. सिन्नर, सोलापूर, कामठी ह्या गावांत घरोघरी बायकांनी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळल्या आणि त्यावर मुले शिकवली. त्यांत आपल्या आयाबहिणीही आहेत. ज्या धुराने एकाचा घसा जातो त्याच पानाने दुसरीची चूल पेटते. ह्या साखळीत शेवटच्या कडीला, म्हणजे ओढणाऱ्याला, तेवढे पकडून गुन्हेगार ठरवणे न्यायाचे नाही.

तरीही आम्ही असे म्हणणार नाही की माणूस नुसता परिस्थितीचे बाहुले आहे. त्याच कारखान्यात, त्याच रात्रपाळीत तंबाखूला हात न लावणारेही आहेत, आणि सोडून दाखवणारेही आहेत. त्यांची हिंमत खोटी ठरवायची नाही. आम्हाला फरक करायचा आहे तो जबाबदारी आणि दोष ह्या दोन गोष्टींत. जबाबदारी पुढे पाहते. आज सोड, उद्या तपासून घे, इलाज अर्धा टाकू नकोस, असे ती सांगते. दोष मागे पाहतो. तू केलेस, आता भोग, असे तो म्हणतो. जबाबदारी दिली की माणूस उठतो. दोष दिला की तो लपतो. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील पाच महिने घशाचे दुखणे घरात बोलले नाहीत. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "सर, सब बोलते, तंबाखू का फल है. किस मुँह से दिखाता?" त्यांना रोग माहीत होता, दवाखाना माहीत होता. लाज आड आली. डॉक्टरने तंबाखूविषयी विचारणे हा इलाजाचा भाग आहे. शेजाऱ्याने विचारणे हा पुष्कळदा निवाडा असतो, आणि त्या निवाड्याच्या भीतीनेच रोगी उशिरा पोहोचतो.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. सरकारी तिजोरी मर्यादित आहे, मग ज्यांनी आपल्या हाताने रोग आणला त्यांच्यावर आधी का खर्च करावा? हा युक्तिवाद खरा धरला तर सर्वांचेच हिशेब काढावे लागतील. गोड आणि तळलेले खाऊन हृदयरोग आणणाऱ्याचा, हेल्मेट न घालता गाडी चालवणाऱ्याचा, रात्री जागून रक्तदाब वाढवणाऱ्याचा. त्यांच्याबाबत आपण असे बोलत नाही, कारण त्या सवयी आपल्या आहेत. शिवाय तंबाखू खाणाऱ्याने प्रत्येक पुडीबरोबर, प्रत्येक बंडलाबरोबर त्याच तिजोरीत कर भरलेला आहे. घेताना तिजोरीने त्याचा दोष पाहिला नाही. मग देताना का पाहावा?

आणि ज्यांचा काहीच दोष नाही त्यांचे काय? बायकांमध्ये अन्ननलिकेच्या अगदी तोंडाशी, स्वरयंत्राच्या मागे होणारा एक कॅन्सर आहे. त्याचा संबंध शरीरातल्या लोहाच्या जुन्या कमतरतेशी आढळला आहे. वर्षानुवर्षे रक्त कमी राहिले की काही जणींच्या घशात पातळ पडदा तयार होतो, घास अडकू लागतो आणि त्यांतल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सगळ्यांना जेवू घालून उरलेले खाणारी, घास अडकतो म्हणून चहात रोटी बुडवून गिळणारी खाला आपल्या प्रत्येकाच्या घरात असते. तिला दवाखान्यात न्यायचे तर घरातल्या पुरुषाला वेळ हवा, त्याला तिचे दुखणे दुखणे वाटायला हवे. तिच्याकडेही लोक संशयाने पाहतात, "मशेरी लावत असेल." लावत असेलही. पण दोष शोधण्याची सवय एकदा लागली की निर्दोष माणूसही तिच्या तावडीतून सुटत नाही.

निवाड्याचे एक सौम्य रूपही आहे. त्याला आपण तकदीर म्हणतो. "अल्लाह की मर्जी" हे शब्द जनाजानंतर सब्र देतात, त्यावेळी ते खरे आणि गरजेचे असतात. पण तेच शब्द निदानाच्या आधी उच्चारले तर ते इलाजाच्या वाटेत उभे राहतात. हजरत उमर शामच्या वाटेवर असताना पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले. सल्लामसलत करून त्यांनी परत फिरण्याचे ठरवले. हजरत अबू उबैदा ह्यांनी शंका काढली की हे खुदाने लिहिलेल्यापासून पळणे नव्हे काय? उमर ह्यांच्या उत्तराचा आशय असा होता की आम्ही त्याने लिहिलेल्यातून त्याने लिहिलेल्याकडेच जात आहोत. मग त्यांनी उंट चारण्याचा दाखला दिला. दरीची एक बाजू हिरवी, दुसरी सुकी. कुठेही चारले तरी लिहिलेलेच घडते, पण शहाणा माणूस हिरव्या बाजूला नेतो. तपासणी हीसुद्धा तकदीरच आहे. फक्त ती हिरव्या बाजूची आहे.

पण हिरव्या बाजूला जाण्याची वाट तरी सगळ्यांना मोकळी आहे का? कर्जबाजारी न होता इलाज व्हावा म्हणून आपल्या राज्यात बरेच झाले आहे, ते मान्य केले पाहिजे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून गरिबांचा आधार आहे. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले आणि १९८७ पासून तिथे खेड्यापाड्यांतल्या कॅन्सर रोग्यांची नोंद ठेवली जाते. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आली, २०१३ मध्ये राज्यभर झाली, पुढे तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचे नाव मिळाले. २०२३ मध्ये ती राज्यातल्या सर्वच कुटुंबांना लागू करून पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय सरकारने घेतला. शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधे ह्यांचा मोठा भार त्यातून निघतो.

मात्र योजना मुख्यतः ज्याचे बिल होते त्याचेच पैसे देते. किरणोपचार, ज्याला कुणी "शेक" म्हणते, कुणी "लाईट", आमच्या मोहल्ल्यात "सिकाई", तो आठवड्यातून पाच दिवस असा सहा-सात आठवडे चालतो. रोजचे काम काही मिनिटांचे, पण मध्ये खंड पडला तर गुण कमी येतो. मालेगावहून मुंबई पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रोज येणे-जाणे अशक्य. म्हणजे सात आठवडे मुंबईत राहायचे, सोबत एक माणूस ठेवायचा, गिळता येत नाही म्हणून दूध, अंडी, सूप द्यायचे आणि घरी दोघांची रोजी बंद. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा हजारो लोकांना आसरा देतात. तरीही परळच्या फुटपाथवर चादर अंथरलेली कुटुंबे सर्वांनी पाहिली आहेत. पुष्कळांचा इलाज तिथेच अर्धवट सुटतो, आणि आपण म्हणतो, "त्याने औषध सोडले."

कागदांचे वेगळेच. उर्दू शाळेच्या दाखल्यावरचे नाव मराठीत एक, इंग्रजीत दुसरे, आधार कार्डावर तिसरे. शेखचा शेक होतो, अन्सारीचा अंसारी होतो, बायकांच्या नावापुढे कुठे बी लागते, कुठे बानो. योजनेच्या खिडकीवर नाव जुळले नाही की दुरुस्तीला पाठवतात. निरोगी माणसासाठी तो एक हेलपाटा असतो. ज्याची गाठ वाढते आहे त्याच्यासाठी तो आजाराचा एक टप्पा असतो.

ह्या सगळ्याचा परिणाम खुद्द इलाजाच्या निवडीवर होतो. १९९१ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वरयंत्राच्या वाढलेल्या कॅन्सरमध्येही औषध आणि किरणे देऊन सुमारे दोन तृतीयांश रोग्यांचे स्वरयंत्र वाचवता आले आणि आयुष्यही कमी झाले नाही. पण ह्या वाटेने जायचे तर वारंवार तपासणीला यावे लागते, रोग परतला तर लगेच शस्त्रक्रिया करावी लागते. जो पुन्हा येऊ शकेल याची खात्री नाही त्याला डॉक्टर हा मार्ग सुचवताना कचरतात, आणि त्यांचेही चूक नाही. म्हणजे एकाच टप्प्यावरच्या दोन रोग्यांपैकी आवाज कुणाचा राहावा, हे काही वेळा एस.टी.च्या भाड्यावर ठरते.

स्वरयंत्र काढल्यावर माणूस गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेतो. आंघोळ करताना, वजू करताना पाणी आत जाऊ नये म्हणून जपावे लागते. बोलणे थांबते. बादशहा फ्रेडरिक चिठ्ठ्या लिहीत होता. आमचा चौथीत शाळा सोडलेला कामगार काय लिहिणार? आणि लिहिलेच तर उर्दूत लिहिणार, जे वॉर्डातल्या सिस्टरला वाचता येणार नाही. त्याला पाणी हवे आहे की दुखते आहे, हे सांगायला हाताचे इशारे एवढेच उरतात. साक्षरतेचा अर्थ आम्ही शिक्षक नोकरी, स्पर्धा, प्रगती असा सांगतो. गळा गेल्यावर अक्षर हाच माणसाचा गळा असतो, आणि मोहल्ल्याबाहेरच्या माणसालाही तो ऐकू यायचा तर उर्दूइतकीच मराठीही लिहिता यायला हवी, हे आम्हाला त्या कागदांनी शिकवले.

बोलणे परत आणणारा एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. तो श्वासनलिका आणि अन्ननलिका ह्यांच्यामध्ये बसवला की रोगी पुन्हा बोलू शकतो. परदेशी व्हॉल्व्हला हजारो रुपये पडतात आणि तो काही महिन्यांनी बदलावा लागतो. बंगळुरूचे डॉ. विशाल राव ह्यांनी असा व्हॉल्व्ह सुमारे ५० रुपयांत तयार करून दाखवला. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनीही असेच केले. डोके व मानेच्या वाढलेल्या कॅन्सरवर निवोलुमॅब नावाचे अतिशय महाग औषध आहे. नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅमची असताना त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिले. २०२२ मध्ये निकाल आला. नुसत्या गोळ्यांवर एक वर्ष जगणारे १६.३ टक्के होते, थोड्या मात्रेच्या जोडीने ते ४३.४ टक्के झाले. ह्या डॉक्टरांनी "हा रोगी ह्या औषधाच्या लायकीचा आहे का?" असे विचारले नाही. "हे औषध ह्या रोग्यापर्यंत कसे पोहोचेल?" असे विचारले. नीतीचा सगळा प्रश्न ह्या दोन वाक्यांच्या फरकात आहे, असे आम्हाला वाटते.

आपल्या हातात काय आहे? जकातीच्या आठ हक्कदारांत फकीर आणि मिस्कीन आहेत, कर्जात बुडालेला आहे, मुसाफिरही आहे. सात आठवडे परळला पडलेला रोगी एकाच वेळी ह्या सगळ्यांत बसतो. रमजानमध्ये साड्या आणि शिधा वाटणाऱ्या जमातींनी त्यातला एक भाग गाडीभाडे, खोली आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी ह्यांसाठी बाजूला ठेवावा. तो खर्च योजनांतून पुरता निघत नाही. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरांनी जुम्म्याला तासभर बसून नावांच्या दुरुस्त्या कराव्यात. कारखानदारांनी तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नये आणि लूम राखून ठेवावा. आम्ही शिक्षकांनी मुलांना विचारावे, "घरात कुणाचा घसा तीन आठवड्यांपासून बसला आहे का?" मुले खरे सांगतात.

आणि आजाऱ्याला भेटायला जाताना ते दोन जुने प्रश्न घरी ठेवून जावे. "तंबाखू खात होता का?" ह्याचे उत्तर डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेले असते, आपल्याला त्याचे काम नाही. आपण विचारायचे ते हे: "पुढची तारीख कधी आहे, आणि सोबत कोण जाणार आहे?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आले नाही तर ते उत्तर आपण व्हावे.